पोरं शाळेत येईनात, तेव्हा ताराबाई मोडक शाळाच कुरणावर घेऊन गेल्या

दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरची घरं रिकामी व्हायला लागतात. अख्खी कुटुंबं भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात, ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या हजेरीपटावर पोराचं नाव असतं, पण पोरगं असतं भट्टीवर.

मग पाचवीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक वाचता आलं नाही, की चर्चा सुरू होते. चूक कुणाची? पोराची, आईबापाची की गुरुजींची?

हे सगळे तालुके जेव्हा एकाच ठाणे जिल्ह्यात होते, तेव्हा याच जिल्ह्यात एका बाईंनी हा प्रश्न उलटा करून विचारला होता. पोरं का येत नाहीत हे विचारण्याआधी, शाळेचं काय चुकतंय ते बघू. त्या बाई म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर, घर प्रार्थना समाजाच्या सुधारकी विचारांचं. बायकांनी शाळेची पायरी चढणं हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात १९१४ मध्ये त्या बीए झाल्या. लग्नानंतर अमरावतीला गेल्या. पण संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये घटस्फोट झाला. शंभर वर्षांपूर्वी, पदरात लहान मुलगी असताना!

रडत न बसता त्यांनी राजकोट गाठलं आणि तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. चांगला हुद्दा होता, चांगला पगार होता. पण भावनगरमध्ये गिजुभाई बधेका नावाचा एक वकील वकिली सोडून लहान मुलांना शिकवतोय, हे त्यांना समजलं. छडी नाही, घोकंपट्टी नाही, माँटेसरी पद्धतीनं मुलं हाताळत, खेळत शिकतात. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडलं आणि १९२३ मध्ये गिजुभाईंसोबत काम सुरू केलं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

इथवर सगळं छान होतं. पण माँटेसरीची साधनं महाग, आणि ती परवडणारी मुलं शहरातली. खेड्यातल्या पोरांचं काय?

या प्रश्नापायी वयाच्या ५३ व्या वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाई बोर्डीला आल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत होत्या अनुताई वाघ, बालविधवा झालेल्या आणि जिद्दीनं शिकून शिक्षिका बनलेल्या. त्याच वर्षी आजूबाजूच्या भागात वारली आदिवासी सावकार-जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठले होते. म्हणजे ज्यांच्या पोरांना शिकवायचं, त्यांच्या पोटाचाच प्रश्न सुटलेला नव्हता.

बोर्डीत बालवाडी काढली, पण वस्तीतली पोरं येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी आणि खेळ. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे आणि पानं आली. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे अडचण वेगळी होती. सहा-सात वर्षांची पोरं दिवसभर गुरं राखायची. ती शाळेत बसली तर गुरं कोण बघणार? म्हणून शिक्षक कुरणावर जाऊ लागले. गुरं चरायची आणि झाडाखाली धडे चालायचे. ही कुरणशाळा.

मोठ्या मुली यायच्या नाहीत, कारण कडेवर धाकटं भावंड. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि ताई वर्गात.

यात जादू काही नव्हती. पोराचा दिवस कसा जातो ते आधी बघायचं आणि मग वेळापत्रक आखायचं, एवढंच. मुंबई प्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९४७ मध्येच झाला होता. पण कायदा गुरं राखायला येत नाही, हे ताराबाईंना कळलं होतं.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. कोसबाडचं काम पुढे अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत ओढलं. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. आज देशभर दिसणाऱ्या अंगणवाड्यांचं मूळ असं ठाणे जिल्ह्यातल्या एका वस्तीत आहे.

पुढे याच जिल्ह्यात वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी भोंगा शाळा निघाल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी सरकारचं शिक्षण हमी कार्डही आलं. तरी दिवाळीनंतर पाड्यावरचे वर्ग ओस पडायचे थांबलेले नाहीत.

त्यामुळे एखाद्या गावच्या शाळेचा पट घसरला, निकाल वाईट लागला, आता ती बंदच करा, अशी बातमी तुमच्या फीडवर आली, तर शेअर करण्याआधी ताराबाईंचा प्रश्न विचारून बघा. त्या शाळेतली पोरं दिवसभर असतात कुठे?