चिंतामणराव देशमुख : कंपन्यांच्या कारभाराला कायद्याची वेसण

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिपदाचा त्याग करणारे नेते, या दोन नात्यांनी चिंतामण द्वारकानाथ देशमुख महाराष्ट्राला परिचित आहेत. परंतु दुसऱ्यांचा पैसा हाताळणाऱ्या संचालकांना उत्तरदायी करण्यासाठी त्यांनी केलेल्या कार्याचे स्मरण तुलनेने कमीच होते.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक मिळवून त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे अध्ययन केल्यानंतर १९१८ मध्ये आय. सी. एस. परीक्षेतही ते सर्वप्रथम आले. मध्य प्रांत व वऱ्हाडातील दीर्घ सेवेनंतर १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे गव्हर्नर झाले.

ठेवीदारांचा पैसा संचालकांच्याच अन्य उद्योगांकडे वळविला जाणे, हा त्या काळच्या खासगी बँकांना जडलेला एक मोठा रोग होता. चिंतामणरावांच्या कारकिर्दीत संमत झालेल्या १९४९ च्या बँकिंग कायद्याने संचालकांना विनातारण कर्ज देण्यास मनाई केली आणि बँकांचा कारभार मॅनेजिंग एजंटांच्या हाती सोपविण्यावरही बंदी घातली.

१९५० मध्ये अर्थमंत्रिपद स्वीकारल्यावर हाच प्रश्न त्यांच्यासमोर अधिक व्यापक स्वरूपात उभा राहिला. देशातील अनेक मोठ्या कंपन्या तेव्हा मॅनेजिंग एजन्सी पद्धतीने चालत. भांडवल हजारो भागधारकांचे असे. प्रत्यक्ष कारभार मात्र करारान्वये एखाद्या पेढीच्या ताब्यात राही. संचालक मंडळ अस्तित्वात असे, पण त्यात बहुधा पेढीच्या मर्जीतील मंडळींचा भरणा असल्यामुळे निर्णय आधीच झालेले असत आणि मंडळाने केवळ मान डोलवायची असे. कंपनी तोट्यात गेली तरी पेढीला मेहनतान्याची चिंता नसे. एका कंपनीचा पैसा त्याच पेढीच्या दुसऱ्या कंपनीत फिरविणेही अवघड नव्हते.

१९५० मध्येच माजी मंत्री कूवरजी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने १९५२ मध्ये अहवाल सादर केला आणि त्याच्या आधारे चिंतामणरावांनी नवे विधेयक संसदेत मांडले. दीर्घ चर्चेनंतर संमत झालेल्या या ६५८ कलमांच्या कायद्याला १८ जानेवारी १९५६ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. मॅनेजिंग एजंटांचा मेहनताना निव्वळ नफ्याच्या १० टक्क्यांपर्यंत सीमित झाला. १९६० नंतर एका पेढीकडे १० पेक्षा अधिक कंपन्या राहणार नाहीत, असे ठरले. व्यवहारात हितसंबंध असलेल्या संचालकाने तो उघड करावा व त्यावर मतदान करू नये, हे बंधनही आले. मात्र ही पद्धत तत्काळ मोडीत काढण्याऐवजी कायद्याने तिला वेसण घातली. ती संपुष्टात यायला १९७० साल उजाडले.

त्याआधीच्या महिन्यात, डिसेंबर १९५५ मध्ये, फिरोज गांधी यांनी लोकसभेत भारत इन्शुरन्स कंपनीतील गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला होता. विमेदारांचा पैसा रामकृष्ण दालमिया यांच्या अन्य व्यवहारांसाठी वापरला गेला होता. पुढे दालमियांना कारावास झाला. नव्या कंपनी कायद्याला मंजुरी मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ जानेवारी १९५६ रोजी, वटहुकूम काढून आयुर्विमा कंपन्यांचा कारभार सरकारने ताब्यात घेतला. ही घोषणा चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून केली.

याच आठवड्यात मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवण्याच्या घोषणेने शहर पेटले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात आंदोलक बळी पडत होते. चिंतामणराव कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आलेले होते. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. गोळीबाराची चौकशी नाकारली जाणे त्यांना मान्य नव्हते. त्याहून मूलभूत आक्षेप असा की, मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात विचारविनिमय न होताच पंतप्रधानांनी जाहीर केला. सामूहिक जबाबदारी असलेल्या मंडळाला डावलून एकाने निर्णय घ्यावा, ही रीत त्यांनी कंपन्यांच्या बाबतीत अमान्य केली होती. मंत्रिमंडळाच्या बाबतीतही त्यांनी वेगळा मापदंड लावला नाही.

मालकी बदलल्याने कारभार सुधारतोच असे नाही, याचा प्रत्यय लवकरच आला. सप्टेंबर १९५६ मध्ये स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने पुढच्याच वर्षी हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. या व्यवहारात महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विश्वासात घेतले गेले नव्हते. न्यायमूर्ती छागला यांच्या चौकशीनंतर १९५८ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. खासगी पेढीची जागा सरकारी दडपणाने घेतली होती. समिती मात्र पूर्वीच्या संचालक मंडळांसारखीच बाजूला राहिली होती.

चिंतामणरावांनी पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या काळातील कंपनी कायद्याची जागा २०१३ च्या कायद्याने घेतली. परंतु संचालकाने आपले हितसंबंध उघड करावेत, ही अट नव्या कायद्यातही कायम राहिली. कायदा संचालकाला खुर्ची आणि मत देऊ शकतो. त्या खुर्चीवरून नकार देण्याचे धैर्य ज्याचे त्याला आणावे लागते, हे चिंतामणरावांनी मंत्रिपद सोडून दाखवून दिले.