गाडगेबाबांची धर्मशाळा

दापुरे हें गांव आपल्याच अकोला जिल्ह्यांतलें. तेथें मामाच्या घरीं गुरें राखून डेबूजी जानोरकर वाढले. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यांतील शेणगांवचा, जात परीट. १९०५ सालीं त्यांनीं घर सोडलें. अंगावर चिंध्या, हातीं खराटा व मडकें. दिवसा गांव झाडावें, रात्रीं कीर्तन करावें.

पंढरपुरास महार वारकरी पायीं येत, पण त्यांस धर्मशाळेची ओसरीही मिळत नसे; आषाढाच्या पावसांत ते मुलांबाळांसह उघड्यावर राहत. दार लावणारे निर्दय होते असें नव्हे. स्वतःच्या लेंकरांवर तेही माया करीत. परंतु दाराशीं उभा असलेला माणूस त्यांस दिसत नसे, दिसे ती त्याची जात. शिवाय, वरच्याचा अपमान सोसणाऱ्यास आपल्या खालीं कोणी असावें असें वाटतें. पिढ्यान्‌पिढ्या असें झालें म्हणजे हांकललेला मनुष्य स्वतःसही हीन लेखूं लागतो. बाबांनीं तेथें चोखामेळ्याच्या नांवें धर्मशाळा बांधली. बाबा ख्रिस्ती नव्हते. आमच्या मंडळ्यांत मात्र बाप्तिस्म्यानंतरही मूळ जात विचारणारे आहेत, हें लिहितांना आम्हांस लाज वाटते.

पुढें ती वास्तु त्यांनीं डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस दिली. २० डिसेंबर १९५६ रोजीं वलगांवजवळ बाबा वारले. डॉ. आंबेडकरांस जाऊन तेव्हां दोनच आठवडे झाले होते.