सुझान नोएल : पापण्या आणि सुरकुत्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या पहिल्या पिढीतील डॉक्टर

पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर वरच्या पापणीची त्वचा सैल पडते, डोळ्यांखाली पिशव्या दिसू लागतात, कपाळावरच्या आठ्या पुसल्या जात नाहीत. ही तक्रार घेऊन येणारे बहुतेक रुग्ण ती जरा ओशाळूनच सांगतात. सोबत आलेल्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर या वयात हे कशाला, असा प्रश्न स्पष्ट दिसतो. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये हाच प्रश्न एका स्त्री डॉक्टरला रोज ऐकावा लागत होता. तिचं नाव सुझान नोएल. उपचारांचा विचार करणाऱ्यांना तिच्या आयुष्यातून बऱ्याच गोष्टी कळतात, म्हणून ते इथे थोडक्यात देत आहे.

सुझानचा जन्म 1878 साली उत्तर फ्रान्समधल्या लां या गावी एका सुखवस्तू घरात झाला. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न हेन्री पेर्ता या त्वचारोगतज्ज्ञाशी झालं. त्या काळी फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला शिकायचं किंवा नोकरी करायची तर नवऱ्याची संमती लागे. पेर्तांनी ती दिली आणि 1905 च्या सुमारास, म्हणजे सत्ताविशीत, सुझानने वैद्यकीय शिक्षण सुरू केलं. 1908 मध्ये जॅकलिन ही मुलगी झाली. मूल सांभाळून तिने पॅरिसच्या हॉस्पिटलांत उमेदवारी केली. तिथे इपोलित मोरेस्ताँ हे चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेतले नावाजलेले सर्जन तिला गुरू म्हणून लाभले. टाक्याची खूण कमीत कमी दिसावी यासाठी छेद कुठे घ्यायचा, हे ती त्यांच्याकडे शिकली.

कॉस्मेटिक शस्त्रक्रियेकडे ती वळली 1912 मध्ये. एक प्रसिद्ध नटी अमेरिकेच्या दौऱ्यावरून चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून परतली होती. ही नटी म्हणजे सारा बर्नहार्ट, असं मानलं जातं. तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या. केसांच्या आतली त्वचेची एक पट्टी काढून तिच्या चेहऱ्याचा वरचा भाग ताणला होता. डोळ्यांभोवतीचा भाग तरुण दिसू लागला होता, पण गाल आणि हनुवटीखालचा भाग होता तसाच राहिला होता. सुझानने आरशासमोर उभं राहून स्वतःच्या चेहऱ्याची त्वचा चिमटीत धरून वेगवेगळ्या दिशांना ओढून पाहिली. कुठे किती ताण दिला तर काय बदलतं, याचा अंदाज तिने असा बांधला.

ही चाचणी आजही आम्ही करतो. कपाळावर हात ठेवून भुवई जागेवर उचलून धरली की वरच्या पापणीवरची घडी नाहीशी होते का, ते पाहतो. होत असेल तर दोष पापणीपेक्षा खाली आलेल्या भुवईचा जास्त असतो. अशा वेळी फक्त पापणीची त्वचा कापली तर भुवई आणखी खाली येऊ शकते आणि रुग्ण पैसे खर्चूनही नाराज राहतो.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर सुझानला वेगळ्याच चेहऱ्यांवर काम करावं लागलं. खंदकातून डोकं वर काढताच गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा लागायचा आणि जबडा, नाक, गाल उद्ध्वस्त व्हायचे. अशा सैनिकांवर तिने मोरेस्ताँ यांच्यासोबत व्हाल द ग्रास या लष्करी हॉस्पिटलात शस्त्रक्रिया केल्या. ज्याच्याकडे पाहून माणसं मान फिरवतात, त्याला काम मिळत नाही, हे तिने तिथे जवळून पाहिलं.

युद्धानंतर तिच्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये श्रीमंत बायका आणि नट्या होत्याच, पण दुकानात विक्रेत्या म्हणून काम करणाऱ्या आणि पोटासाठी नोकरी करणाऱ्याही बऱ्याच होत्या. युद्धात घरातला कमावता माणूस गेलेला, वय पन्नाशीच्या आसपास आणि मालकाला काउंटरवर तरुण चेहरा हवा. अशा बाईसाठी सुरकुती हा हौसेचा विषय नव्हता. तिच्या बाबतीत प्रश्न पगाराचा होता. ज्यांना परवडत नसे त्यांच्यावर सुझान फुकट उपचार करी. 1926 मध्ये तिने सौंदर्यशस्त्रक्रिया आणि तिची सामाजिक भूमिका यावर पुस्तक लिहिलं. त्यात शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे फोटो, छेदांच्या आकृत्या आणि रुग्णांच्या हकिकती आहेत. मला स्वतःला तिची ही भूमिका पटते, पण एक खंतही वाटते. वयस्क चेहऱ्याला कामावरून काढणाऱ्या मालकाचा दोष शेवटी बाईच्या त्वचेवरच दुरुस्त होत होता.

तिची पद्धत साधी होती. जागेपुरती भूल, केसांच्या रेषेत किंवा कानापुढे लहान छेद, त्वचेचा बेताचा तुकडा काढून बारीक टाके आणि त्याच दिवशी रुग्ण घरी. शस्त्रक्रिया ती बऱ्याचदा आपल्या घरातल्या दवाखान्यातच करी. चेहऱ्याची मापं आधी नीट घ्यायची, फोटो काढायचे आणि एकदम खूप कापण्यापेक्षा थोडं थोडं करायचं, असा तिचा शिरस्ता होता. मात्र तिच्या काळात फक्त त्वचा ताणली जाई, त्यामुळे परिणाम फार टिकत नसे. आजच्या फेसलिफ्टमध्ये त्वचेखालचा स्नायूंवरचा थरही घट्ट केला जातो.

पापण्यांच्या शस्त्रक्रियाही ती करी. जादा त्वचा आणि चरबी काढण्याच्या या शस्त्रक्रियेला ब्लेफरोप्लास्टी म्हणतात. आज ती बहुतेकदा जागेपुरत्या भुलेखाली होते आणि टाके साधारण पाच ते सात दिवसांत निघतात. सूज आणि काळेनिळेपणा दोन आठवडे तरी राहतो, तेव्हा घरात लग्नकार्य असेल तर त्या हिशेबाने तारीख धरा. त्वचा जास्त काढली गेली तर डोळा पूर्ण मिटत नाही आणि कोरडा पडतो. ज्यांचे डोळे आधीच कोरडे आहेत, ज्यांना थायरॉइडचा त्रास आहे किंवा जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी हे डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टी जाण्याचा धोका फार क्वचित असतो, पण असतो. शस्त्रक्रियेनंतर डोळा एकाएकी खूप दुखू लागला, बाहेर आल्यासारखा वाटला किंवा अंधूक दिसू लागलं तर सकाळची वाट न बघता तेव्हाच हॉस्पिटल गाठा.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. पापणीवरची त्वचा लोंबणं वेगळं आणि पापणीच खाली येणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला टोसिस म्हणतात. त्यात पापणी उचलणारा स्नायू किंवा त्याचा पापणीला जोडलेला भाग सैल पडतो आणि त्याची शस्त्रक्रिया निराळी असते. पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी खाली, असं होत असेल तर मायस्थेनिया या आजाराची तपासणी करावी लागते. एकाच डोळ्याची पापणी अचानक उतरली, एकाची दोन दिसू लागली, दोन्ही बाहुल्या लहानमोठ्या झाल्या किंवा जोराचं डोकं दुखू लागलं, तर ब्युटी क्लिनिकची वाट धरू नका, तातडीच्या विभागात जा. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगवटाही असा प्रकट होऊ शकतो.

बोटॉक्स सुझानच्या काळात नव्हतं. ते आधी तिरळेपणा आणि पापण्यांची अनैच्छिक उघडझाप यांसाठी वापरलं जाई. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेत त्याला 2002 मध्ये मान्यता मिळाली. परिणाम काही दिवसांत दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो. औषध चुकीच्या जागी पसरलं तर पापणी उलट उतरते, मात्र काही आठवड्यांत ती पूर्ववत होते. फिलरचं तसं नाही. ते रक्तवाहिनीत गेलं तर कायमचं अंधत्व येऊ शकतं. डोळ्यांभोवती फिलर घेताना समोरची व्यक्ती पात्र डॉक्टर आहे का, हे विचारायला अजिबात संकोचू नका.

सुझानच्या घरात मात्र एकामागून एक आघात झाले. पेर्ता 1918 मध्ये गेले. पुढच्या वर्षी तिने आंद्रे नोएल या डॉक्टरशी लग्न केलं. 1922 मध्ये मुलगी जॅकलिन इन्फ्लुएंझाने दगावली. त्यातून आंद्रे सावरले नाहीत आणि 1924 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. सुझानने त्याच वर्षी नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचा सोरॉप्टिमिस्ट क्लब पॅरिसमध्ये सुरू केला आणि 1925 मध्ये आपला राहिलेला प्रबंध पूर्ण करून रीतसर पदवी घेतली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी ती टोपीवर तशी मागणी लिहिलेली रिबीन लावून हिंडे आणि आपल्या रुग्णांनाही लावायला सांगे. 1928 मध्ये तिला फ्रान्सचा लेजियन ऑफ ऑनर हा सन्मान मिळाला.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पोलिसांपासून लपणाऱ्या ज्यू आणि भूमिगत कार्यकर्त्यांचे चेहरे ओळखू येऊ नयेत म्हणून तिने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या. युद्ध संपल्यावर छळछावण्यांतून जिवंत परतलेले लोक तिच्याकडे येऊ लागले. तेव्हा ती सत्तरीच्या जवळ पोहोचली होती. 1954 च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसमध्ये तिचं निधन झालं.