चिक चॉकलेट

चिक चॉकलेट (मूळ नाव: आंतोनियो झेवियर वाझ, जन्म: १९१६, हळदोणे, गोवा, मृत्यू: मे १९६७) हे भारतीय जॅझ ट्रम्पेटवादक, वाद्यवृंदप्रमुख आणि हिंदी चित्रपटांचे संगीतकार होते. अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या शैलीचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. त्यामुळे ते भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जात.

पार्श्वभूमी

पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन, गायन आणि वाद्यवादन शिकवले जाई. या शिक्षणाचा मूळ हेतू चर्चमधील उपासनेसाठी वादक व गायक तयार करणे हा होता. तथापि स्वरलिपी वाचता येणाऱ्या तरुणांना त्यामुळे गोव्याबाहेर उपजीविकेचे साधनही मिळाले. ब्रिटिश भारतातील लष्करी बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, मूकपटांची चित्रपटगृहे आणि मोठी हॉटेले येथे गोमंतकीय वादकांना मागणी असे. वाझ याच परंपरेतून पुढे आले.

हॉटेलांमधील कारकीर्द

तरुणपणी त्यांनी रंगून येथे वादन केले. पुढे मुंबईत त्यांनी ‘म्युझिक मेकर्स’ हा स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. १९४५ च्या सुमारास या वाद्यवृंदाला अपोलो बंदर येथील ग्रीन्स हॉटेलात काम मिळाले आणि त्यानंतर शेजारच्या ताज महाल हॉटेलातही त्यांचे वादन होऊ लागले. ट्रम्पेटवादनाबरोबरच ते आर्मस्ट्राँग यांच्या धर्तीवर खरखरीत आवाजात गातही असत. वादनाच्या वेळी हातात रुमाल बाळगण्याची त्यांची लकबही तेथूनच आलेली होती.

मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू झाल्यानंतर शहरातील नृत्यगृहे व रात्रीच्या करमणुकीचा व्यवसाय मंदावला. याच काळात चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंद मोठे होत गेल्याने अनेक वादक ध्वनिमुद्रणाच्या कामाकडे वळले.

चित्रपटसंगीत

संगीतकार सी. रामचंद्र (रामचंद्र नरहर चितळकर) यांचे सहायक म्हणून चिक चॉकलेट यांनी महत्त्वाचे काम केले. त्या काळी संगीतकार बहुधा हार्मोनियमवर चाल ऐकवीत. ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवणे, प्रत्येक वाद्याचा भाग स्वतंत्रपणे लिहिणे आणि वादकांकडून तालीम करून घेणे ही कामे सहायक व वाद्यवृंद-संयोजक करीत. या पदांवर गोमंतकीय वादकांचे प्रमाण मोठे होते. मात्र श्रेयनामावलीत वादकांची नावे क्वचितच दिली जात. त्यामुळे गाणी घरोघरी पोहोचली, तरी त्यांतील ट्रम्पेट कोणी वाजवला हे श्रोत्यांना सहसा ठाऊक नसे.

मास्टर भगवान यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात स्विंग आणि लॅटिन अमेरिकन तालांचा वापर आढळतो. या चित्रपटातील एका नृत्यगीतात चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. पडद्याआड राहणाऱ्या वादकांच्या त्या पिढीत ही गोष्ट अपवादात्मक होती. मदन मोहन यांच्याबरोबरही त्यांनी काम केले.

स्वतंत्र संगीतकार म्हणून चित्रपट

- नादान (१९५१) – देव आनंद व मधुबाला यांच्या प्रमुख भूमिका
- रंगीली (१९५२)
- कर भला (१९५६) – निसार बझ्मी यांच्यासमवेत

स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांना मोजकेच चित्रपट मिळाले. त्यांची मुख्य ओळख वादक व वाद्यवृंदप्रमुख हीच राहिली.

मृत्यू आणि वारसा

मे १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. दफनाच्या वेळी त्यांचा ट्रम्पेट शवपेटीत त्यांच्याजवळ ठेवण्यात आला होता, असे सांगितले जाते. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात मुंबईतील जॅझचा इतिहास मांडला असून, त्यात चिक चॉकलेट व त्यांच्या समकालीन गोमंतकीय वादकांच्या कार्याची दखल घेतली आहे.