निळ्या ओठांच्या मुलांची डॉक्टर

जन्मतः हृदयात विशिष्ट दोष असलेले मूल चार पावले धावले की थांबते आणि उकिडवे बसते. ही युक्ती त्याला कोणी शिकविलेली नसते. गुडघे पोटाशी घेतल्याने पायांकडील रक्तवाहिन्यांवर दाब पडतो, शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो आणि त्यातील काही रक्त फुप्फुसांकडे वळते. मुलाचा जीव थोडा स्थिरावतो. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या अशा गोष्टींकडे वर्षानुवर्षे लक्षपूर्वक पाहूनच डॉ. हेलन टाऊसिग यांनी वैद्यकाची एक नवी शाखा उभी केली.

हेलन यांचा जन्म 24 मे 1898 रोजी अमेरिकेतील केंब्रिज या गावी झाला. वडील फ्रँक टाऊसिग हे हार्वर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक. अमेरिकेच्या आयातकराच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. हेलन अकरा वर्षांच्या असताना आई क्षयाने गेली. अक्षरे डोळ्यांपुढे गोंधळत असल्यामुळे या मुलीला वाचन जड जाई. वडिलांनी मोठ्या धीराने तिला शिकविले. पुढे तिने वैद्यकाकडे वळण्याचे ठरविले, तेव्हा हार्वर्डचे वैद्यकीय महाविद्यालय स्त्रियांना पदवी देत नसे. अखेर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून 1927 साली त्या डॉक्टर झाल्या.

1930 साली तेथील बालरुग्णालयाच्या हृदयविभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. जन्मजात हृदयविकार म्हणजे निरुपाय, अशी त्या काळची समजूत असल्याने या कामाला प्रतिष्ठा नव्हती. त्यातच त्यांची श्रवणशक्ती क्षीण होत गेली. ज्या विद्येत हृदयाचे ठोके ऐकणे ही पहिली पायरी, तिच्यात हे व्यंग म्हणजे मोठेच संकट होते. परंतु त्यांनी मुलांच्या छातीवर हात ठेवून हृदयाचे स्पंदन ओळखण्याचा सराव केला. क्ष-किरणांच्या पडद्यावर हृदयाचा आकार पाहावा, ओठांचा व नखांचा रंग न्याहाळावा, आईकडून मुलाच्या हालचाली विचारून घ्याव्यात, हा त्यांचा नित्यक्रम झाला.

या निरीक्षणातून एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असलेली काही बालके जन्मानंतर काही काळ बरी राहत; परंतु गर्भावस्थेपासून उघडी असलेली एक छोटी वाहिनी बंद झाली की ती निळी पडत. तेव्हा अशी वाहिनी कृत्रिम रीतीने निर्माण केली, तर मूल वाचेल, हे अनुमान स्वाभाविक होते. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी 1938 साली अशीच उघडी राहिलेली वाहिनी बांधून दाखविली होती. टाऊसिग त्यांच्याकडे गेल्या. परंतु वाहिनी बंद करणाऱ्या शल्यविशारदाला नवी वाहिनी करण्याच्या कल्पनेत रस वाटला नाही.

1941 साली डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक हॉपकिन्सला आले. त्यांच्यासोबत व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय साहाय्यक होते. महाविद्यालयीन शिक्षणासाठी साठविलेला पैसा 1930 साली बँक बुडाल्याने गमावून बसलेला हा सुतारकाम जाणणारा तरुण. पूर्वीच्या विद्यापीठात प्रयोगशाळेचे काम करूनही त्याची गणना सफाई कामगारांच्या श्रेणीत होत असे. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून तिचे तंत्र त्यानेच सिद्ध केले. 29 नोव्हेंबर 1944 रोजी पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या मुलीवर ब्लॅलॉक यांनी पहिली शस्त्रक्रिया केली, तेव्हा थॉमस त्यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते. ती मुलगी सुधारली, परंतु काही महिन्यांनी दगावली. तिसऱ्या रुग्णाचे, सहा वर्षांच्या मुलाचे, ओठ मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावरच लाल झाले. 1945 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात थॉमस यांचे नाव नव्हते. विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, ती 1976 साली.

यशाची वार्ता पसरताच दूरदूरहून आईबाप निळी मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. येथे शुश्रूषेचे मोल कळते. शस्त्रक्रिया काही तासांची. तिच्या आधीचे व नंतरचे दिवस परिचारिकांचे. मूल रडून निळे पडले की त्याचे गुडघे छातीशी धरावयाचे, प्राणवायू द्यावयाचा, त्याला शांत करावयाचे. अशा मुलांचे रक्त दाट झालेले असते. पाणी कमी पडले तर गुठळी होण्याचा धोका, म्हणून घोटघोट पाणी पाजावयाचे. हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाकडे वळविलेली असल्याने त्या हाताची नाडी लागत नाही. रक्तदाब दुसऱ्या हातावर मोजावा लागतो. एवढी एक गोष्ट विसरली, तरी सारा अंदाज चुकतो.

टाऊसिग स्वतः ही जबाबदारी शस्त्रक्रियेपाशी संपली असे मानीत नसत. आपल्या रुग्णांची विचारपूस त्या वर्षानुवर्षे करीत राहिल्या. 1962 साली थॅलिडोमाइड या औषधाने जर्मनीत व्यंग असलेली बालके जन्मत असल्याचे कळताच त्यांनी तेथे जाऊन तपास केला आणि परत येऊन अमेरिकेला सावध केले. पूर्ण प्राध्यापकपद मात्र त्यांना मिळाले होते 1959 साली, म्हणजे वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. 20 मे 1986 रोजी मोटार अपघातात त्यांचा अंत झाला.

आपल्याकडे 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी होते आणि जन्मजात हृदयदोषही त्यात हुडकले जातात. हे स्वागतार्हच आहे. तथापि यंत्रे व इमारती यांवरील खर्च अंदाजपत्रकात ठळक दिसतो. रात्रपाळीच्या परिचारिकेची सावध नजर तेथे कोणत्याच रकान्यात बसत नाही. तिच्या हाताखाली किती मुले असावीत, तिला कोणते प्रशिक्षण मिळावे, घरी परतलेल्या मुलाची चौकशी कोणी करावी, या प्रश्नांना उत्तरे दिल्याखेरीज शस्त्रक्रियेवरचा पैसा पुरता कारणी लागत नाही. टाऊसिग यांच्या चरित्राचा हाच हिशेब आहे, आणि तो मांडण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.