अंदमानच्या घुबडाला नाव देणारे ॲलन ह्यूम

भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव सर्वपरिचित आहे. मात्र अंदमानच्या जंगलात किडे व अळ्यांवर उपजीविका करणाऱ्या एका लहानशा घुबडाचा शास्त्रजगताला परिचयही त्यांनीच करून दिला, ही बाब फारशी ज्ञात नाही. त्यांच्या आयुष्यातील पक्षीशास्त्राचे पर्व ज्या वर्षी संपुष्टात आले, त्याच वर्षी काँग्रेसचा जन्म झाला.

ब्रिटिश संसदेतील सुधारणावादी सदस्य जोसेफ ह्यूम यांचे पुत्र असलेल्या ॲलन यांचा जन्म जून १८२९ मध्ये झाला. १८४९ मध्ये ते भारतात आले आणि १८५६ पासून इटावा जिल्ह्याचा कारभार त्यांच्याकडे आला. तेथे त्यांनी जमविलेला पक्ष्यांचा पहिला संग्रह १८५७ च्या उठावात नष्ट झाला. त्यानंतर त्यांनी नव्याने सुरुवात केली.

१८७२ मध्ये त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे भारतीय पक्ष्यांना वाहिलेले नियतकालिक सुरू केले. मार्च १८७३ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिझ्का व व्हॅलेंटाइन बॉल यांच्यासमवेत त्यांनी अंदमान-निकोबार बेटांचा दौरा केला. साळुंकीपेक्षाही लहान असलेल्या अंदमानी घुबडाचे शास्त्रीय वर्णन त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले आणि त्याला बॉल यांचे नाव दिले. नारकोंडम बेटावरील धनेशाचे वर्णनही त्याच वर्षीचे आहे.

सरकारी धोरणांवर परखड मते मांडणाऱ्या ह्यूम यांना १८७९ मध्ये सचिवपदावरून दूर करण्यात आले. १८८२ मध्ये ते सेवानिवृत्त झाले. शिमल्यातील आपल्या निवासस्थानी त्यांनी पक्षीसंग्रहालय उभारले होते. भारतीय पक्ष्यांवरील बृहद्ग्रंथाचे त्यांचे लेखनही बरेच पुढे गेले होते. परंतु ते शिमल्याबाहेर असताना एका नोकराने हस्तलिखितांचे गठ्ठे चोरून रद्दीच्या भावाने विकले. सुमारे ७०० जातींच्या पक्ष्यांचे जीवनवृत्तान्त त्यात होते. अनेक वर्षांचे परिश्रम असे वाया गेल्यानंतर तो ग्रंथ पुन्हा लिहिण्याची उमेद त्यांना राहिली नाही.

अखेर त्यांनी आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊ केला. तो ताब्यात घेण्यासाठी पक्षीशास्त्रज्ञ रिचर्ड बाउडलर शार्प १८८५ मध्ये शिमल्यास आले. सुमारे ८२,००० नमुने देवदाराच्या ४७ पेट्यांत भरण्यात आले. या अवजड पेट्या बैलगाड्यांतून डोंगराखाली कालक्यास नेण्यात आल्या आणि पुढे मुंबई बंदरातून इंग्लंडला रवाना झाल्या.

त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी मुंबईतच, गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात, काँग्रेसचे पहिले अधिवेशन सुरू झाले. हे अधिवेशन पुण्यात भरविण्याचे ठरले होते. मात्र तेथे कॉलऱ्याची साथ पसरल्याने ते मुंबईस हलविण्यात आले. त्यास ७२ प्रतिनिधी उपस्थित होते. ह्यूम यांनी पुढील अनेक वर्षे काँग्रेसच्या सरचिटणीसपदाची धुरा वाहिली.

३१ जुलै १९१२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा पक्षीग्रंथ पूर्ण होऊ शकला नाही. अंदमानचे ते घुबड मात्र आजही केवळ त्याच बेटांवर आढळते आणि त्याच्या शास्त्रीय नावापुढे ह्यूम यांचे नाव व १८७३ हे वर्ष नोंदविले जाते.