आधी विषय, मग देश

परवा शेजारच्या वहिनी त्यांच्या मुलीला घेऊन आल्या. पोरगी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाली, पहिला वर्ग मिळाला. आता तिला पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जायचंय. वहिनींचं म्हणणं, इंजिनिअर असती तर गोष्ट वेगळी, आर्ट्सवालीनं तिकडे जाऊन काय दिवे लावायचे? मी मुलीला विचारलं की कुठे जाणार, तर म्हणाली लंडनला. का? तर मावसभाऊ तिथे आहे! मी हसले, आणि मला इरावतीबाई कर्वे आठवल्या.

मैत्रिणींनो, ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई आपल्याला माहीत असतात. पण त्या शिकायला कुठे गेल्या आणि कशा, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्यांचा जन्म 1905 सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरूनच नाव ठेवलं. वडील गणेश हरी करमरकर नोकरीनिमित्त तिकडे होते. सातव्या वर्षी मुलीला पुण्यात हुजूरपागेत घातलं. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी, त्यांच्या शकुंतलाबरोबर ती वाढली. 1926 साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाली. म्हणजे आपल्यासारखीच आर्ट्सवाली! मग मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम.ए. केलं. मधल्या काळात महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी लग्नही झालं.

आता पुढचं शिक्षण कुठे घ्यायचं? त्या काळी परदेश म्हणजे विलायत. खुद्द घुर्येही केंब्रिजला शिकून आलेले. पण इरावतीबाईंना माणसाचा अभ्यास करायचा होता, मानववंशशास्त्र शिकायचं होतं. बर्लिनमध्ये 1927 सालीच या विषयाची नवी संस्था निघाली होती. शिवाय दिनकररावांनी स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट केलेली, त्यामुळे तो देश घरात ओळखीचा होता. बर्लिन ठरलं.

पण घरातून विरोध झाला, आणि तोही कुणाचा, तर महर्षी कर्व्यांचा! ज्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं, त्यांनाच सुनेचं जर्मनीला जाणं पसंत नव्हतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा धक्काच बसला. पण दिनकरराव बायकोच्या मागे उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता यांनी पैसे उसने दिले आणि 1928 साली इरावतीबाई निघाल्या.

तिथे दोन वर्षं त्यांनी काय केलं? माणसाच्या कवट्या मोजल्या! कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, त्यावर त्यांचा प्रबंध होता, आणि तोही जर्मन भाषेतला. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशावंशांत उच्च-नीच मानणाऱ्यांपैकी. पुढे ते हिटलरच्या राजवटीचे पाठीराखे झाले. इरावतीबाईंच्या मोजमापात मात्र कवटीतल्या या फरकाचा वंशाशी संबंध दिसला नाही. जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं. परक्या देशात, उसन्या पैशावर शिकणाऱ्या मुलीनं गुरूच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष मांडायचा, याला केवढं धैर्य लागत असेल!

1930 साली डॉक्टर होऊन त्या परतल्या. आता लगेच मोठी जागा मिळाली असेल, असं वाटतं ना? तसं झालं नाही. आधी काही वर्षं त्यांनी सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठात रजिस्ट्रार म्हणून काम केलं. आपल्या विषयाची जागा मिळाली ती 1939 साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मग मात्र तीन मुलांचा संसार सांभाळत त्या देशभर हिंडल्या. भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ 1953 साली आला आणि ‘युगान्त’ 1967 साली. साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. 1970 साली त्या गेल्या.

वहिनींच्या मुलीला मी एवढं सगळं सांगितलं आणि एक वही दिली. म्हटलं, देशाचं नाव आत्ता लिहूच नकोस. आधी तुला नक्की काय शिकायचंय ते लिही. मग ते कोण शिकवतं, कुठल्या विद्यापीठात आणि कुठल्या भाषेत, ते शोध. खर्च किती, पैसे कुठून येणार, परत आल्यावर नोकरीला वेळ लागला तर काय, हेही लिही. एवढं झाल्यावर देश आपोआप ठरेल. मग तो लंडन निघाला तरी हरकत नाही.

आणि वहिनींना म्हटलं, मुलीच्या मागे घरातलं एक माणूस जरी उभं राहिलं तरी पुरतं. ते माणूस तुम्ही व्हा. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण जाताना वही त्यांनीच उचलली.